जोडण्या संपतात तेव्हा : ब्राउझरच्या दोषनिवारण-साहित्याची एक समीक्षा
(नवी मुंबईतील महाविद्यालयीन संगणक कक्षांच्या संदर्भात)

प्रस्तावना

कविता, कादंबरी, नाटक, फार तर वृत्तपत्रीय लेखन, यांची समीक्षा करण्याची परंपरा आपल्याकडे आहे. ‘पान उघडत नसल्यास काय करावे’ या प्रकारच्या लेखनाची समीक्षा करण्याची नाही. वास्तविक हे लेखन आज महाविद्यालयातील प्रत्येक विद्यार्थी वाचतो. ब्राउझरच्या पडद्यावर उमटणारा त्रुटीचा निरोप, त्याखालचे दोन-तीन उपाय, साहाय्यक पुस्तिकेतील पायऱ्या, संगणक कक्षाच्या भिंतीवर चिकटवलेल्या सूचना हे सर्व मिळून एक लेखनप्रकार सिद्ध होतो. त्याची स्वतःची शैली आहे, गृहीतके आहेत आणि दोष कोणाच्या पदरात टाकायचा याविषयीचा एक ठाम, परंतु न उच्चारलेला निवाडाही आहे.

प्रस्तुत लेखात या लेखनप्रकारातील एकाच प्रश्नाचा विचार केला आहे. ब्राउझर नेटवर्कवरील उपलब्ध जोडण्या संपवून टाकतो आणि त्यानंतर कोणतेही पान उघडत नाही, हा तो प्रश्न होय. या दोषाविषयीच्या साहित्याने वापरकर्ता ‘एकटा’ आहे असे धरून चालल्यामुळे सामायिक जोडणीवर काम करणाऱ्या वर्गाची अडचण त्यात दिसतच नाही, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे. १९९९ च्या मूळ दस्तऐवजात ती दिसत होती, हे विशेष.

नवी मुंबईचा संदर्भ येथे सहेतुक घेतला आहे. सिडकोची स्थापना १९७० मध्ये झाली. तिने आखलेल्या या शहराच्या महापे-ऐरोली-रबाळे पट्ट्यात आज मोठमोठी डेटा सेंटर आहेत, पनवेल येथे २०२० मध्ये योट्टाचे भव्य केंद्र सुरू झाले आणि घणसोलीत रिलायन्स जिओचे मुख्य संकुल आहे. देशाच्या आंतरजाल-वाहतुकीचा मोठा भाग ज्या परिसरातून जातो, त्याच परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात साठ विद्यार्थी शिष्यवृत्तीचा अर्ज भरू लागले की चाळिसाव्या यंत्रावर पान उघडेनासे होते. येथे अंतराचा किंवा तारेच्या वेगाचा प्रश्न नसतो. अडते ते मोजणीपाशी, आणि ही मोजणी विद्यार्थ्याला कधीच दाखवली जात नाही.

‘न्याहाळक’ या शब्दाविषयी

मराठीत ब्राउझरसाठी ‘न्याहाळक’ असा एक प्रतिशब्द रूढ करण्याचा प्रयत्न झाला. शब्द देखणा आहे, तरीही तो दिशाभूल करतो असे म्हणावे लागेल. न्याहाळणारा दुरून पाहतो. तो काही मागत नाही, काही अडवून ठेवत नाही. ब्राउझरचे काम याच्या नेमके उलट आहे. एक साधे पान दाखवण्यासाठी तो मजकूर, चित्रे, अक्षरवळणे, जाहिराती यांसाठी अनेक सर्व्हरांची दारे ठोठावतो आणि प्रत्येक दाराशी एक स्वतंत्र जोडणी उघडतो. जोडणी म्हणजे आपल्या यंत्राचा पत्ता व पोर्टक्रमांक आणि पलीकडील यंत्राचा पत्ता व पोर्टक्रमांक यांची एक जोडी. ती उघडी असेपर्यंत आपल्या यंत्रातील, राउटरमधील आणि पलीकडील सर्व्हरमधील थोडी थोडी जागा अडलेली असते. ‘पाहणे’ या क्रियापदात ही अडवणूक येत नाही. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी २००२ पासून महाराष्ट्रातील लाखो लोकांना संगणकाशी परिचित केले, ही मोठीच कामगिरी आहे. मात्र एकूणच प्राथमिक संगणकशिक्षणात ब्राउझर शिकवला जातो तो बहुधा मागे-पुढे जाण्याच्या बटणांच्या रूपात. ‘रिफ्रेश’ दाबल्यावर पान ताजे होते इतके विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्या एका टिचकीने डझनावारी नव्या मागण्या बाहेर पडू शकतात, हे त्याला कोणी सांगत नाही.

‘दोन’चा दंडक आणि त्याचा लोप

एचटीटीपी १.१ चे जे प्रमाणपत्रक जून १९९९ मध्ये आरएफसी २६१६ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले, त्यात या विषयावर एक छोटा परिच्छेद आहे. एका वापरकर्त्याच्या ब्राउझरने कोणत्याही एका सर्व्हरशी दोनपेक्षा अधिक स्थायी जोडण्या ठेवू नयेत, असे त्यात सुचवले होते. पंगतीत बसलेल्याने एका वेळी किती वाढून घ्यावे, याविषयीचा हा संकेत होता. तो सक्तीचा नव्हता, शिष्टाचाराचा होता.

या परिच्छेदाचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी वाचत नाही. अनेकांच्या वतीने बाहेर जाणाऱ्या प्रॉक्सीने किती जोडण्या ठेवाव्यात, याचेही सूत्र तेथे दिले होते. त्या क्षणी सक्रिय असलेल्या वापरकर्त्यांची जी संख्या असेल तिच्या दुप्पट, असे ते सूत्र आहे. साठ विद्यार्थ्यांच्या कक्षासाठी हा हिशेब एकशे वीस जोडण्यांचा होतो. एका दाराआड अनेक माणसे असू शकतात, ही जाणीव त्या मसुद्याच्या कर्त्यांना होती. त्यांच्या सूत्रात माणसांची संख्या हा एक घटक होता, ही बाब प्रस्तुत लेखकास विशेष महत्त्वाची वाटते.

पुढे काय झाले ते थोडक्यात असे. पाने जड होत गेली, तशी दोनाची मर्यादा जाचू लागली. संकेतस्थळे बांधणाऱ्यांनी एकाच सर्व्हरला तीन-चार नावे देऊन चित्रे वाटून ठेवण्याची युक्ती काढली. ब्राउझर मर्यादा मोजतो ती नावानुसार, त्यामुळे नियम पाळूनही तो मोडता येऊ लागला. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने आणि २००९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर ८ ने ही मर्यादा सहावर नेली. क्रोमचीही सहाच आहे. इंटरनेट एक्सप्लोरर ८ ला निदान इतका विवेक होता की ब्रॉडबँडवर सहा आणि डायल-अपवर दोन, असा भेद तो करी. २०१४ मध्ये आरएफसी ७२३० ने ठरावीक आकडाच काढून टाकला आणि ब्राउझरने संयम बाळगावा, एवढाच मोघम उपदेश शिल्लक ठेवला. त्या आकड्याबरोबर वापरकर्त्यांच्या संख्येचे सूत्रही गेले. त्याबद्दल कोठे खंत व्यक्त झाल्याचे दिसत नाही.

ब्राउझर-निर्मात्यांची बाजू अगदीच पोकळ नाही, हे नमूद केले पाहिजे. दोन जोडण्यांवर आजचे पान उघडायचे तर वाचकाचा संयम संपेल. प्रश्न मर्यादा वाढवण्याचा नसून ती कोणासाठी वाढवली हा आहे. क्रोममध्ये एका सर्व्हरनावासाठी सहा आणि एकूण २५६ अशी सॉकेटांची कमाल संख्या आहे, प्रॉक्सीमार्फत जाताना ती ३२ होते. घरात एकट्याने बसलेल्या माणसासाठी हे आकडे वाजवी आहेत. साठ यंत्रांच्या कक्षात तेच आकडे सैद्धांतिक कमाल म्हणून १५,३६० पर्यंत आणि प्रॉक्सी असल्यास १,९२० पर्यंत जातात. एका यंत्रावरील ब्राउझरला शेजारच्या एकोणसाठ यंत्रांची वार्ता नसते, आणि असावी अशी अपेक्षाही कोणत्या दस्तऐवजात आता उरलेली नाही. अर्ज स्वीकारणाऱ्या पलीकडच्या सर्व्हरला तर एकाच पत्त्यावरून एकाच वेळी साडेतीनशेहून अधिक जोड्या येताना दिसतात. तेथील संरक्षक भिंत एका पत्त्यामागे मर्यादा घालणारी असेल तर ती हा वर्ग म्हणजे हल्ला आहे असे समजून दार लावून घेते. अर्जाची मुदत त्याच सायंकाळी संपत असेल, तर या तांत्रिक गैरसमजाची किंमत विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या शुल्काइतकी असू शकते.

निरोपाची भाषा

आता निरोपांकडे वळू. ‘या स्थळापर्यंत पोहोचता येत नाही, आपली जोडणी तपासा, प्रॉक्सी व फायरवॉल तपासा’ हा क्रोमच्या निरोपाचा आशय आहे. फायरफॉक्सचा एक जुना निरोप सांगे की स्थळ तात्पुरते बंद असेल किंवा त्यावर फार ताण असेल, तेव्हा थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा. इंटरनेट एक्सप्लोरर पान दाखवू शकत नाही एवढेच सांगून जोडणीचे निदान करण्याचे एक बटण पुढे करी. या तिन्हींतील कर्ता पाहण्यासारखा आहे. दोषी आहे ती ‘आपली’ जोडणी, अथवा दूरचे ‘ते’ स्थळ. ‘मी’ म्हणून ब्राउझर कोठेच येत नाही. माझ्या वाट्याच्या जोडण्या मी वापरून टाकल्या आहेत, असे तो कबूल करत नाही. अपवाद एकच, क्रोमच्या तळाशी क्षणभर उमटणारी ‘मोकळ्या सॉकेटची प्रतीक्षा’ या अर्थाची ओळ. ती खरी आणि नेमकी आहे, परंतु सॉकेट म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती कळते. इतरांच्या लेखी ती यंत्राची पुटपुट आहे.

‘पुन्हा प्रयत्न करा’ हा उपदेश तर या दोषात अपायकारक ठरतो. जोडण्या संपल्या असताना केलेला प्रत्येक नवा प्रयत्न आणखी जोडण्या मागतो. त्यात ब्राउझर स्वतःहूनही भर घालतो. पहिल्या जोडणीला उत्तर येण्यास पाव सेकंदाचा विलंब झाला की क्रोम राखीव म्हणून दुसरी जोडणी सुरू करतो. एका माणसासाठी ही तत्परता आहे, साठ जणांसाठी चेंगराचेंगरी.

२००० च्या दशकातील ‘वेगवर्धक’ सूचनांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. २००५ मध्ये एमटीएनएलने ‘ट्राय बँड’ या नावाने ब्रॉडबँड आणल्यानंतर नवी मुंबईतील घराघरांत छोटे मोडेम-राउटर आले आणि त्याच सुमारास फायरफॉक्सच्या अंतर्गत मांडणीत जाऊन जोडण्यांचे आकडे वाढवण्याचे सल्ले सर्वत्र फिरू लागले. फास्टरफॉक्स नावाची एक जोडसुविधा हे काम एका टिचकीत करी आणि न मागितलेली पानेही आगाऊ आणून ठेवी. त्या काळच्या स्वस्त राउटरांची नोंदवही लहान असे. ती भरली की घरातील सर्वच यंत्रांचे आंतरजाल ठप्प होई आणि राउटर बंद करून सुरू केल्यावर पूर्ववत चाले. सल्ला देणाऱ्याने वेग वाढल्याचे पाहिले, राउटर कोलमडल्याचे श्रेय मात्र कंपनीला दिले. रोग वाढवून औषध म्हणून विकण्याचे याहून सुबक उदाहरण या साहित्यात सापडणे कठीण.

विंडोज एक्सपीच्या २००४ मधील दुसऱ्या सर्व्हिस पॅकने याच्या उलट टोक गाठले होते. ब्लास्टर आणि सॅसर या कृमींच्या अनुभवानंतर, उत्तराची वाट पाहत असलेल्या अर्धवट जोडण्या एका वेळी दहाहून अधिक असू नयेत असे बंधन मायक्रोसॉफ्टने घातले. बंधन मोडले गेल्यास नोंदवहीत ४२२६ क्रमांकाची घटना लिहिली जाई. पडद्यावर काहीच येत नसे. म्हणजे निदान लिहून ठेवले जात होते, परंतु रुग्णाला ते दिसणार नाही अशा जागी. असंख्य लोकांनी त्यावर प्रणालीची मूळ संचिकाच बदलून टाकण्याचा उपाय केला.

अवस्थांचे वाचन

दोषनिवारण-साहित्याचा सर्वांत मोठा उणेपणा असा की ते उपाय सांगते, वाचन शिकवत नाही. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा, यंत्र पुन्हा सुरू करा, साठवण पुसा, हे उपाय बरेचदा लागू पडतात, यात शंका नाही. ब्राउझर पूर्ण बंद झाला की त्याने धरून ठेवलेली सॉकेटे सुटतात, राउटर पुन्हा सुरू झाला की त्याची नोंदवही कोरी होते. परंतु उपाय लागू पडताच पुरावाही पुसला जातो. दुसऱ्या दिवशी तोच दोष उद्भवतो आणि कक्ष-साहाय्यक पुन्हा तोच उपाय करतो. साठवण पुसण्याचा उपाय तर या दोषाच्या बाबतीत बहुतांशी निरुपयोगी आहे. पुसल्यानंतर सर्व चित्रे नव्याने आणावी लागत असल्याने भार वाढतोच.

वास्तविक वाचनाचे साधन प्रत्येक यंत्रात आहे. नेटस्टॅट ही आज्ञा दिली असता त्या क्षणीच्या सर्व जोडण्या व त्यांच्या अवस्था पडद्यावर येतात, आणि कोणत्या अवस्थेच्या ओळी अधिक आहेत यावरून दोषाचे घर कळते. ‘सिन-सेंट’ अवस्थेतील ओळींची रीघ लागली असेल तर मागणी बाहेर गेली आहे पण उत्तर येत नाही. अडथळा वाटेत किंवा पलीकडे आहे, अथवा यंत्रात कृमी शिरला आहे. ‘क्लोज-वेट’च्या ओळी साचत असतील तर पलीकडच्याने निरोप घेतला आहे, आपल्याकडील कार्यक्रमाने मात्र दार लावलेले नाही. हा दोष निःसंशय आपल्या यंत्रातील आज्ञावलीचा, ब्राउझरचा किंवा त्याच्या एखाद्या जोडसुविधेचा असतो. १२७.०.०.१ या स्वतःच्याच पत्त्यावर दुहेरी ओळी दिसत असतील तर विषाणूरोधक कार्यक्रम मध्ये बसून प्रत्येक जोडणीच्या दोन करत असण्याचा संभव मोठा.

‘टाइम-वेट’ ही अवस्था सर्वाधिक गैरसमजाची आहे. जोडणी रीतसर संपल्यावरही तो पोर्ट काही काळ पुन्हा वापरला जात नाही, जेणेकरून वाटेत राहिलेली जुनी पाकिटे नव्या जोडणीत मिसळू नयेत. मराठी वाचकाला ही कल्पना सुतकाच्या उपमेने चटकन कळेल. सुतकात असलेला पोर्ट दोषी नसतो, त्याला फक्त काही काळ व्यवहार वर्ज्य असतो. विंडोज एक्सपीमध्ये तात्पुरत्या वापराचे पोर्ट १०२५ ते ५००० म्हणजे ३,९७६ होते आणि कागदोपत्री सुतक २४० सेकंदांचे. म्हणजे सातत्याने सेकंदाला सोळा-सतरापेक्षा अधिक नव्या जोडण्या उघडल्या की चार मिनिटांत पोर्ट संपण्याची वेळ येई. व्हिस्टापासून हा पल्ला ४९१५२ ते ६५५३५ असा, १६,३८४ पोर्टांचा करण्यात आला. त्यामुळे आजच्या यंत्रावर केवळ सुतकामुळे पोर्ट संपणे विरळा आहे. जुन्या पुस्तिकांतील सुतकाची मुदत कमी करण्याचा सल्ला अजूनही छापला जातो, तो गतार्थ झाला आहे.

क्रोममध्येही सॉकेटे एकदम रिकामी करणारे एक अंतर्गत पान आहे. फायरफॉक्समध्ये सॉकेटांची यादी दाखवणारे पान आहे. खिडकी आहे, पण ती घराच्या मागील भिंतीत आहे.

सातवे पान

अलीकडच्या काळात मर्यादा गाठण्याची एक नवीच तऱ्हा निर्माण झाली आहे. सर्व्हरकडून सतत वार्ता मिळत राहावी म्हणून काही स्थळे एक जोडणी कायम उघडी ठेवतात. सर्व्हर-सेंट इव्हेंट्स ही त्यातील एक पद्धत होय. जुन्या एचटीटीपी १.१ वर असे स्थळ एकाच ब्राउझरच्या सहा टॅबांत उघडले की सहाही जोडण्या कायमच्या गुंततात आणि सातवा टॅब नुसता फिरत राहतो. आंतरजाल सुस्थितीत असते, सर्व्हर सुस्थितीत असतो, यंत्र सुस्थितीत असते. हा दोष क्रोम आणि फायरफॉक्स या दोहोंच्या विकासकांपुढे मांडला गेला आणि दोघांनीही तो दुरुस्त न करण्याचे ठरवले, अशी नोंद आहे. २०१५ च्या एचटीटीपी २ मध्ये एकाच जोडणीतून अनेक प्रवाह नेता येत असल्याने ही अडचण तेथे उरत नाही, असा त्यामागील विचार असावा. विचार ठीक आहे. परंतु संस्थांतर्गत चालणारी, जुन्या सर्व्हरवरील हजेरी वा परीक्षा प्रणाली अजून १.१ वरच असेल, तर तिच्या वापरकर्त्याला हे सांगणारा निरोप कोठेही नाही.

पत्त्यांची टंचाई

शेवटचा थर सेवा पुरवठादाराचा. आयपीव्ही४ पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये आणि आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठा त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये संपला. तेव्हापासून एका सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवण्याची रीत वाढली. त्यासाठीच्या खास पत्त्यांचा गट २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. एका पत्त्याचे राखीव क्रमांक वगळता ६४,५१२ पोर्ट उरतात. ते उदाहरणादाखल ६४ ग्राहकांत वाटले तर प्रत्येकी १,००८ येतात. घरात पाच यंत्रे आणि प्रत्येकाच्या ब्राउझरला २५६ ची मुभा, असे धरले तर मागणी १,२८० ची होते. भिन्न सर्व्हरांसाठी एकच पोर्ट पुन्हा वापरता येत असल्याने प्रत्यक्षात इतकी ओढाताण नेहमी होत नाही. तरीही एकाच लोकप्रिय स्थळावर सारे एकवटले की होते.

जिओने सप्टेंबर २०१६ मध्ये व्यापारी सेवा सुरू केली तेव्हा नव्या जाळ्यासाठी पुरेसे जुने पत्ते उपलब्ध असण्याचा प्रश्नच नव्हता. तिने आयपीव्ही६ चा व्यापक अवलंब केला आणि भारताचे नाव या बाबतीत जगातील अग्रगण्य देशांत आले. नव्या पत्त्यांत प्रत्येक यंत्राला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, म्हणून पोर्ट वाटून घेण्याचे कारण राहत नाही. जे स्थळ केवळ जुन्या पत्त्यावर आहे तेथे जाताना मात्र मध्ये रूपांतर करावेच लागते आणि तेथे वाटणी पुन्हा येते.

संगणक कक्षातील एका नित्याच्या प्रयोगाचा अर्थ यातून उलगडतो. कक्षाच्या जाळ्यावर पान उघडेना म्हणून विद्यार्थी स्वतःच्या भ्रमणध्वनीचा हॉटस्पॉट लावतो, पान उघडते आणि ‘कॉलेजचे नेट खराब’ असा निष्कर्ष निघतो. या प्रयोगात एकाच वेळी बाहेरचा पत्ता बदललेला असतो, बहुधा पत्त्याची पिढीही बदललेली असते आणि दाराआडच्या माणसांची संख्या साठावरून एकावर आलेली असते. यांपैकी कोणत्या बदलाने पान उघडले हे त्यावरून ठरत नाही. ते ठरवायचे तर कक्षाच्याच जाळ्यावर, त्याच यंत्रावर, शेजारची यंत्रे दहा-दहाच्या गटाने बंद करत नेटस्टॅटच्या ओळी मोजाव्या लागतील आणि त्याच वेळी राउटरच्या नोंदवहीतील आकडा कोणीतरी लिहून घ्यावा लागेल. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हे शक्य नसते. सत्राच्या पहिल्या आठवड्यात एका प्रात्यक्षिकाच्या तासात ते सहज होण्यासारखे आहे.